शेजारणीच्या वडिलांचे सतरा रन

शेजारणीच्या वडिलांनी सात वर्षांच्या क्रिकेटमध्ये एका डावात केलेले सगळ्यांत जास्त रन सतरा. हे मी तिला सांगितलं आणि त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. घरातल्या दोघांचं म्हणणं होतं की मी सांगायलाच नको होतं. माझं म्हणणं आजही तेच आहे की तिनं विचारलं म्हणून मी सांगितलं. पण सांगताना एक चूक झाली, आणि ती माझीच होती.

मी मिरजेची. शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही, पण क्रिकेटचं स्कोअरबुक वाचता येतं. हे ऐकून लोक हसतात. माझा नवरा तिथल्या एका जिमखान्याच्या मैदानावर माळी होता. फुलझाडांचा नव्हे, पीचचा. पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या. मैदानाच्या कडेलाच आमची पत्र्याची खोली होती. मॅचच्या दिवशी खेळाडूंचा चहा माझ्याकडे असे. एकदा बोर्डावर आकडे लावणारा माणूस आला नाही, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, बाई, आजच्या दिवस तुम्ही लावा. टिनाच्या काळ्या पाट्यांवर पांढरे आकडे रंगवलेले असत. स्कोअरर खालून ओरडला की ती पाटी खिळ्याला अडकवायची. तो माणूस पुन्हा आलाच नाही, आणि मी सव्वीस वर्षं पाट्या लावल्या.

स्कोअरर म्हणजे कोर्टातून रिटायर झालेले एक गृहस्थ. दुपारी जेवण झालं की त्यांना पेंग येई, म्हणून त्यांनी मला वही शिकवली. रन नाही तर टिंब. एक, दोन, चार आकड्यात. बॉलरचा रकाना वेगळा, बॅट्समनची ओळ वेगळी, आणि शेवटी दोन्हीकडची बेरीज जुळली पाहिजे. नाही जुळली तर कुठंतरी झोप लागली होती असं समजायचं. दुसऱ्या वर्षापासून मी त्यांच्या चुका काढायला लागले. इंग्रजी आकडे आणि खेळापुरती दहा-बारा अक्षरं मला तेव्हापासून येतात. त्यापलीकडची नाहीत.

नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा आयर्लंडमध्ये ॲथलोनला टेलिफोनच्या एका कंपनीत आहे. सून पण कॉम्प्युटरवरच काम करते. मी दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरमध्ये तीन महिन्यांसाठी गेले. परतीचं तिकीट मार्चच्या शेवटच्या आठवड्यातलं होतं, आणि त्याच महिन्यात विमानं बंद पडली. व्हिसा आपोआप वाढत गेला. सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही असं सरकारनं सांगितलं. मी एकाहत्तर वर्षांची होते. मला बाहेर जाऊन करायचं तरी काय होतं? परसात खुर्ची टाकून बसायची.

परसाच्या पलीकडे कमरेएवढी दगडी भिंत आणि भिंतीपलीकडे शेजारीण. तिचं वय तेव्हा चौऱ्याऐंशी. एकटी राहायची. लग्न झालं होतं, मूल नव्हतं, नवरा केव्हाच गेलेला. उंच बाई, कंबर ताठ, हातात सतत कात्री नाहीतर खुरपं. आम्ही दोघी आपापल्या भिंतीशी बसायचो आणि बोलायचं काही नसायचं. ती आभाळाकडे बघून काहीतरी म्हणायची, मी मान हलवायची. तिचा एक शब्द मला लगेच कळला. तिकडं सगळ्यालाच ग्रँड म्हणतात. ऊन पडलं, ग्रँड. गुडघा दुखतो का, ग्रँड. चहा नको, ग्रँड.

जूनमध्ये तिनं सुनेला भिंतीशी बोलावलं. सून घरूनच काम करायची, कानात ती बटणं घालूनच बाहेर गेली. आत येऊन हसायलाच लागली. शेजारणीनं तिला विचारलं होतं की तुम्ही भारतातले, म्हणजे क्रिकेट येतच असेल; माझ्या वडिलांच्या जुन्या क्रिकेटच्या वह्या आहेत, त्या कुणाला वाचता येतील का? मुलाला विचारलं तर तो म्हणाला की मला मॅच बघता येते, वही कोण वाचतं आता. मैदानाच्या कडेला जन्मलेला मुलगा. सून मला म्हणाली, "आई, तुमची नोकरी आलीय."

वह्या तीन. शेजारणीनं त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर ठेवल्या, आणि सुनेनं तीन दिवस पिशवीला हात लावू दिला नाही. त्या वेळी लोक केळीसुद्धा साबणानं धूत होते.

त्या तीन दिवसांत सुनेनं भिंतीवरून सगळी हकिगत काढून घेतली. शेजारणीचे वडील ॲथलोनपासून काही मैलांवरच्या एका मोठ्या जमीनदाराकडे घोड्यांच्या तबेल्यात कामाला होते. जमीनदाराच्या मालकीचं मैदान होतं आणि त्याची स्वतःची टीम होती. निम्मे साहेब लोक आणि निम्मे नोकर. पहिल्या महायुद्धाच्या आधी सात उन्हाळे वडील त्या टीममध्ये खेळले. युद्ध सुरू झालं तशी टीम मोडली. खेळाचं सामान ठेवायची खोली बंद करताना किल्ली वडिलांच्याच हातात होती. एक बॅट आणि या वह्या त्यांनी घरी आणल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेत घातल्या. पुढं देश इंग्रजांपासून सुटला. क्रिकेट हा इंग्रजी शिपायांचा खेळ म्हणून गावात वाईट ठरला. जो क्रिकेट खेळेल त्याला त्यांच्या देशी फुटबॉलच्या टीममध्ये घेत नसत. म्हणून वडिलांनी ट्रंक उघडली नाही आणि मुलांपुढं शब्द काढला नाही. शेजारणीचे दोघे भाऊ ते देशी फुटबॉल खेळले. गावात त्यांना मान होता. वडील कडेला उभं राहून बघायचे. फक्त शेवटच्या आजारपणात ते तिला एकदा म्हणाले होते की मला एकदा घेतल्यावर टीममधून कधी काढलं नाही.

मला ही गोष्ट चमत्कारिक वाटली. खेळ इंग्रजांचाच होता, आमच्याकडेही. ते गेले आणि आम्ही खेळत राहिलो, त्यात लपवायचं ते काय. पण ते त्यांचं त्यांना माहीत.

खरी गोष्ट पुढं होती. तिकडं माणसाच्या थडग्याच्या दगडावर त्याला काय आवडायचं ते कोरतात. कुणाच्या दगडावर ट्रॅक्टर, कुणाच्या घोडा. तिच्या दोन्ही भावांच्या दगडांवर फुटबॉल आहे. वडिलांच्या दगडावर नुसतं नाव, आणि तो दगडही तडकलेला. भाऊ गेले, आता घरात ती शेवटची. त्याच जागेत तिला पुरायचं आहे. त्याआधी तिला वडिलांचा दगड नवा करायचा होता. त्यावर बॅट कोरायची, खाली बॅट्समन असं लिहायचं आणि त्यांनी किती शतकं मारली तो आकडा घालायचा. दगडवाल्याला तिनं सांगून ठेवलं होतं. तो आकड्यासाठी थांबला होता.

शतकं मारली हे तिला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ट्रंकेत बॅट होती, एवढंच.

तीन दिवसांनी मी वह्या उघडल्या. कागद पिवळा पडला होता, पण शाई चांगली होती. ज्यानं लिहिलं त्याचा हात आमच्या कोर्टवाल्यांपेक्षा स्वच्छ होता, आणि बेरजा जुळत होत्या. शेजारणीनं वडिलांचं आडनाव मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहून दिलं होतं. ते शब्दाचं चित्र धरून मी पानं उलटायला लागले. साहेब लोकांच्या नावाआधी मिस्टरची दोन अक्षरं जास्त असत, हिच्या वडिलांच्या नावाआधी ती नव्हती. त्यामुळे सापडायला उलट सोपं गेलं.

पहिल्या उन्हाळ्यात अकराव्या नंबरला. भोपळा. पुढच्या मॅचला भोपळा. मग एक. मग तीन, नॉट आउट. पुढच्या वर्षी दहाव्या नंबरला, आणि तिथंच शेवटपर्यंत. बॉलिंगच्या रकान्यात नाव एकदाही नाही. सात वर्षांत सगळ्यांत जास्त रन सतरा, आणि त्यातले चार दुसऱ्याच्या चुकीच्या फेकीवर आलेले दिसत होते. मी पहिल्यांदा विचार केला, हा माणूस टीममध्ये राहिला कसा? जमीनदाराला दहाव्या नंबरला उभं करायला तबेल्यात दुसरा कुणी मिळत नव्हता का?

मग मी समोरच्या टीमच्या डावांची पानं बघितली. तिथं आउट झालेल्या माणसापुढं हिच्या वडिलांचं नाव पुन्हा पुन्हा यायला लागलं, आणि नावाआधी वेगळीच दोन अक्षरं, जी फक्त विकेटकीपरनं स्टंप उडवले की लिहितात. म्हणजे माणूस कीपर होता. त्याबरोबर मी पानाच्या तळाशी गेले.

पानाच्या तळाशी बायचा रकाना असतो. बॉल बॅट्समनच्या बॅटला न लागता गेला, कीपरच्याही हातून सुटला आणि समोरच्यांनी पळून रन काढले, तर ते बाय. कुणा बॅट्समनच्या नावावर ते पडत नाहीत. बोर्डावर पाटी लावताना मला बायची पाटी सगळ्यांत जास्त कळायची, कारण ती पाटी लागली की नवरा पीचकडे बघून तोंड वाकडं करायचा. बॉल खाली राहिला तर लोक माळ्याला शिव्या देत. तो म्हणायचा, चांगला कीपर मागं असला की माझं वाईट पीच कुणाला दिसत नाही.

पहिली दोन वर्षं त्या टीमचा कीपर एक साहेब होता. बाय चौदा, अठरा, एकदा सव्वीस. तिसऱ्या उन्हाळ्याच्या मधे हिचे वडील मागं उभे राहिले. त्या दिवशी बाय चार. मग दोन. मग रकाना रिकामा. पुढं सातव्या उन्हाळ्यापर्यंत रकाना रिकामा, नाहीतर दोन, नाहीतर तीन. आणि घोडे चरायचं ते मैदान, माळी धड नसणार. ॲथलोनच्या छावणीतल्या शिपायांविरुद्ध, हे नाव सुनेनं नंतर वाचून दिलं, एका डावात चार जणांचे स्टंप उडवलेले. सगळ्या विकेट बॉलिंग करणाऱ्या साहेबाच्या नावावर. मधे एकाच मॅचला हिच्या वडिलांचं नाव नाही, आणि त्या दिवशी बाय बावीस. पुढच्या मॅचला नाव परत आलं, रकाना परत रिकामा.

मी चष्मा काढून ठेवला आणि सुनेला हाक मारली.

भिंतीशी आम्ही तिघी उभ्या राहिलो, दोन हात अंतर ठेवून. मी सुनेला सांगितलं की आधी सांग, बॅटिंग येत नव्हती, जास्तीत जास्त सतरा. मग सांग की कीपर होते आणि कीपर फार मोठे होते. सून बोलायला लागली. बराच वेळ बोलली. शेजारणीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. डोळे पुसले. मग हसली, आणि लगबगीनं आत गेली.

सतरा ऐकून कुणी असं हसत नाही. मी विचारलं, "काय सांगितलंस तिला?"

सून म्हणाली, "आई, मी म्हटलं ते फार चांगले बॅट्समन होते."

"आणि आकडा?"

"आकडा म्हटलं नीट लागत नाही, पण खूप असतील." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शंभर वर्षं झाली त्याला. कुणाचं काय जातंय? म्हातारीला बरं वाटलं."

मी म्हटलं, म्हातारी मी पण आहे, मला असलं बरं वाटवायला कधी येऊ नकोस. ती म्हणाली की तुम्हाला बरं वाटवायची माझी हिंमतच नाही. हे तिनं खरंच म्हटलं, आणि मला त्यात राग येण्यासारखं काही दिसलं नाही.

पण शेजारीण आत गेली होती ती दगडवाल्याला फोन करायला, हे संध्याकाळी तिनंच सुनेला भिंतीवरून सांगितलं. बॅट कोरा, खाली बॅट्समन लिहा, आकडा लागत नाही म्हणून नुसतं पुष्कळ शतकं असं लिहा. उद्या कुणी दुसरा वही उघडेल. वह्या ती वाचनालयाला देणार होती, म्हणजे उघडणारच. मग लोक म्हणतील की बापाच्या थडग्यावर खोटं कोरलं. ज्या माणसानं पन्नास वर्षं तोंड उघडलं नाही त्याच्या नावावर खोटं. मुलगा घरी आल्यावर त्याला म्हटलं की तू जाऊन सांग. तो म्हणाला, यात पडू नकोस आई, आपण इथं शेजारी म्हणून राहतो.

दुसऱ्या दिवशी सून मीटिंगमध्ये बसलेली बघून मी कॉर्नफ्लेक्सचा रिकामा खोका घेतला. त्याचे दोन तुकडे कापले आणि नातवंडांसाठी म्हणून आणून ठेवलेल्या रंगानं त्यावर आकडे काढले. नातवंडं अजून झालेली नव्हती, रंग मात्र आणून ठेवला होता. एकावर एक, दुसऱ्यावर सात. माझ्या टिनाच्या पाट्या असायच्या त्याच मापाचे. ते घेऊन मी भिंतीशी गेले. शेजारीण गुलाब छाटत होती. मी म्हटलं, फादर. मग हातानं बॅट मारून दाखवली. आणि दोन्ही पाट्या वर धरल्या.

ती बघत राहिली. मग तिनं एक बोट उचललं आणि माझ्या पाट्यांच्या डावीकडे हवेत एक काढला. म्हणजे एकशे सतरा का?

मी मान हलवली. नाही. फक्त सतरा.

तिचा हात खाली यायला वेळ लागला. तिनं कात्री बंद केली, तिची कडी लावली. मग म्हणाली, "ग्रँड," आणि घरात गेली. दार जोरात लावलं नाही. जोरात लावलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

माझी चूक इथं झाली. सव्वीस वर्षं मी पाट्या लावल्या, त्यात कधी एकच पाटी लावून खाली उतरले नाही. टोटल, विकेट, शेवटचा बॅट्समन, सगळं लागलं की उतरायचं. इथं मी एक आकडा दाखवला आणि कीपरचं सांगायला माझ्याकडे ना शब्द होते ना पाटी. रिकामा रकाना पुठ्ठ्यावर कसा काढायचा?

घरात दोन दिवस आदळआपट झाली. मुलगा म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं?" मी म्हटलं, तिनंच. सून लॅपटॉपमधून मान वर काढेना, कारण बोलायला लागली असती तर तिलाही काही ऐकावं लागलं असतं. शेजारीण परसात यायची बंद झाली. गुलाब निम्मे छाटलेले तसेच राहिले. एकदा मी पोळ्या करून भिंतीवर ठेवल्या, संध्याकाळी ताट तिथंच होतं, त्यावर पक्षी बसलेले. वह्या अजून माझ्याकडे होत्या. तिनं परत मागितल्या नाहीत.

तिसऱ्या रविवारी सून स्वतःहून माझ्या खोलीत आली. हातात लॅपटॉप. म्हणाली की मी खोटं बोलले, तुम्ही अर्धं बोललात, आता पूर्ण काय आहे ते मला सांगा. मी वही तिच्यापुढं ठेवली आणि बायचा रकाना दाखवला. तिला क्रिकेटचं तेवढं कळत नव्हतं. पुण्याची मुलगी, मॅच लागली की मैत्रिणींबरोबर बसून आरडाओरडा करणारी. मला तिला बॉल कुठून येतो इथपासून सांगावं लागलं. पण एकदा कळल्यावर ती थांबली नाही. दर रविवारी दोन तास मी आकडे वाचायचे, ती भरायची. प्रत्येक मॅचचा दिवस, वडील होते की नव्हते, बाय किती. तिच्या ऑफिसात हेच काम असतं म्हणे, दुसऱ्यांच्या आकड्यांचं. दोनदा ती चुकली, दोनदा मी. मुलगा चहा घेऊन यायचा आणि दारातच उभा राहायचा. एकदा म्हणाला की बाबा असते तर त्यांना आवडलं असतं. मी म्हटलं, बाबा असते तर त्यांनी आधी पीच कसलं होतं ते विचारलं असतं.

शेवटी एकच कागद झाला. वर सात वर्षं, खाली मॅचेस. ते मागं उभे होते तिथं छोटे आकडे नाहीतर मोकळं, ते नव्हते तिथं मोठे आकडे लाल रंगात. खाली सुनेनं इंग्रजीत लिहिलं. काय लिहायचं ते मी सांगितलं: तुमच्या वडिलांना बॅटिंग येत नव्हती. त्यांना टीममधून कधी काढलं नाही ते या मोकळ्या जागेमुळं. आणि तिच्या मनानं तिनं एक ओळ घातली, की पहिल्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले, माफ करा. ती मला वाचून दाखवली. मी म्हटलं राहू दे.

कागद आम्ही शेजारणीच्या दाराच्या फटीतून आत टाकला आणि वह्या भिंतीवर ठेवल्या. आठवडा गेला. वह्या दुसऱ्या दिवशीच उचलल्या गेल्या होत्या, पण पलीकडून चकार शब्द नाही. सुनेला धीर निघेना. मी म्हटलं, साठ वर्षं एक समजून चाललेली बाई आहे, तिला आठ दिवस तरी दे.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी ती भिंतीशी आली. मी भांडी घासत होते, खिडकीतून दिसली. हात तसेच पुसून बाहेर गेले, सून मागोमाग. शेजारणीच्या एका हातात आमचा कागद होता. तिनं लाल आकड्यावर बोट ठेवलं, त्या बावीसवर, आणि सुनेशी बोलली. सून मला म्हणाली, "त्या म्हणतात ही तारीख त्यांना पाठ आहे. आजीच्या थडग्यावर हीच आहे. त्या दिवशी वडिलांची आई गेली."

मग तिनं दुसरा हात वर केला. त्यात एक हातमोज्यांची जोडी होती. कातड्याची, काळी पडलेली, लाकडासारखी कडक. तिनं ती भिंतीवर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकली. मी हातात घेतली. तळव्याला आतून जास्तीचं कातडं लावलेलं, मनगटापर्यंत आलेलं, डाव्या अंगठ्याला दोनदा शिवण घातलेली. कीपरचे ग्लोव्हज. शंभर वर्षांपूर्वीचे असले तरी दुसरं काही असूच शकत नाही.

शेजारीण म्हणाली की हे ट्रंकेत कधीच नव्हते. हे बागेतल्या सामानाच्या खोलीत खिळ्याला असायचे. वडील काटेरी कुंपण छाटताना घालायचे. ते गेल्यावर ती घालायला लागली. साठ वर्षं तिनं याच हातमोज्यांनी गुलाब छाटले आणि काटे उपसले. वडिलांचे कुंपणाचे हातमोजे म्हणूनच तिला माहीत होते. बॅट त्यांनी लपवली, हे मात्र रोज घराबाहेर सगळ्यांसमोर घालून फिरले आणि कुणाला कळलं नाही; भिंतीपलीकडून रोज बघून मलाही नाही.

मी ग्लोव्हज नाकाशी नेले. मातीचा वास येत होता. अंगठ्याची शिवण दाखवून मी तिला म्हटलं, "गुड कीपर." मला येणाऱ्या इंग्रजीत तेवढंच बसत होतं. तिनं मान हलवली. मग माझ्याकडे बघून पुष्कळ बोलली आणि सून थोडं थांबून म्हणाली, "त्या म्हणतात, तुम्ही वाईट बातमी फार वाईट पद्धतीनं देता."

मी म्हटलं, तिला सांग, खरं आहे. या वेळी सुनेनं जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण शेजारीण हसली.

दगडवाल्याचं काम लांबलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा सगळं बंद झालं, जानेवारीत आणखी कडक. त्या हिवाळ्यात शेजारीण दगडावर बॅटऐवजी कोरायच्या ग्लोव्हजचं चित्र कागदावर काढून भिंतीवरून द्यायची आणि मी चूक दाखवून परत द्यायची. पहिल्या चित्रात ते पावासारखे दिसत होते. दुसऱ्यात बॉक्सिंगचे. आम्हा दोघींना लस मिळाली, तिला आधी, मला मे महिन्यात. तिच्या घरात मी पहिल्यांदा पाऊल टाकलं ते त्यानंतर. तिनं चहा केला, फार दूध घातलेला. बॅट आता तिनं भिंतीवर लावली होती. मी ती खाली काढायला लावून बघितली. कडा कोऱ्या होत्या, मधोमध बॉल लागल्याचा डाग दोन-तीन ठिकाणी. दहाव्या नंबरची बॅट. मी बॅट परत दिली. सून म्हणाली, त्या म्हणतात त्यांना कळलंय.

दोन हजार एकवीसच्या जूनमध्ये दगड बसला. मुलानं आम्हाला गाडीतून नेलं. छोटं स्मशान, कडेला गवतात गाई. भावांच्या दगडांवर फुटबॉल होते, नीट कोरलेले, शिवणीसकट. वडिलांच्या नव्या दगडावर नाव, त्याखाली ग्लोव्हजची जोडी, त्याखाली विकेटकीपर हा शब्द. शब्दाखाली चार बोटं जागा मोकळी होती. दगडवाल्यानं आकड्यासाठी सुरुवातीलाच ती आखून ठेवली होती, आणि आता काय कोरू म्हणून त्यानं विचारलं तर शेजारीण म्हणाली होती, काही नको, तशीच ठेव.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. तिला विचारायचं काय होतं ते मला कळलं. मी वाकून जवळून बघितलं. डावा अंगठा जरा जास्त जाड झाला होता. सुनेनं हळूच माझ्या कोपराला हात लावला. तरी मी सांगितलं, अंगठा जाड आहे.

शेजारणीनं चष्मा पुसून बघितलं. म्हणाली की शिवण दोनदा घातलेली, जाड असणारच.

ते बरोबर होतं. मी तिला तसं म्हटलं. मग तिनं पिशवीतून ते हातमोजे काढले, घातले, आणि दगडाच्या कडेनं उगवलेलं, खाजकुइरीसारखं झोंबणारं तण उपसायला बसली. मी दुसऱ्या बाजूनं बसले, पण मला हातमोजे नव्हते, म्हणून मी फक्त साधं गवत उपटलं.